दोन शेजाऱ्यांमधली संख्या

२३०५८४३००९२१३६९३९५१. ही संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानंही निःशेष भाग जात नाही. मूळ संख्या आतून उघडता येत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल आणखी काय सांगणार, असं पुष्कळांना वाटतं. पण तिच्या अलीकडची आणि पलीकडची संख्या उघडता येते. मोठ्या मूळ संख्येचा स्वभाव खरा कळतो तो या दोन शेजाऱ्यांवरूनच. या संख्येचे दोन्ही शेजारी तर विलक्षण आहेत. पलीकडचा आहे २ चा ६१ वा घात, त्यात दोनाशिवाय दुसरं काही नाही. अलीकडचा बारीकसारीक अवयवांनी खच्चून भरलेला. पहिल्यामुळे ही संख्या कामाला अतिशय सोयीची झाली आणि दुसऱ्यामुळे काही कामांना अगदी निरुपयोगी.

थोडक्यात तिला २^६१ − १ असं लिहू, ^ म्हणजे घात. मराठीत वाचायची तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली स्थानांची नावं घ्यावी लागतात: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे १० चा १७ वा घात, आणि तिथे यादी संपते. आपली संख्या एका घरानं पुढे जाते: तेवीस परार्ध, शून्य मध्य, पाच अंत्य, आठ जलधी, चार शंकु आणि पुढे.

लिहितानाच पहिला घोळ होतो. एक्सेलमध्ये ती टाकली तर शेवटचे अंक गळून २३०५८४३००९२१३६९०००० उरतं, कारण तिथे पंधराच अंक टिकतात. ज्या भाषांमध्ये संख्या दशांश-चिन्हाच्या ६४ बिटी साच्यात ठेवली जाते, तिथे पूर्णांक २^५३ पर्यंतच बिनचूक राहतात. तिथे २^६१ मधून १ वजा केला तरी उत्तर २^६१च येतं. मूळ संख्या जाऊन तिच्या जागी तिचा सम शेजारी बसतो, आणि प्रोग्रॅम चकार शब्द काढत नाही. तेव्हा ६४ बिटी पूर्णांकच घ्यायचा, आणि चिन्ह नसलेला घेतला तर उत्तम. त्याचं कारण पुढे येईलच.

२^प − १ या रूपातल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. अशी संख्या मूळ असायची तर प स्वतः मूळ असावा लागतो, पण तेवढं पुरत नाही. १६४४ मध्ये मारें मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. यादी चुकलेली होती. ६७ आणि २५७ हे घात चालत नाहीत, आणि ६१, ८९, १०७ हे चालणारे घात राहून गेले. ६१ चा निकाल लावला तो १८८३ मध्ये, इव्हान पेर्वुशिन या रशियन पाद्र्यानं, हातानं आकडेमोड करून. यादीतला ६७ हा ६१ चाच छपाईदोष असावा, असा तर्क कित्येकांनी केला आहे. २^६७ − १ चे अवयव १९०३ मध्ये फ्रँक कोल यानं जाहीर केले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

६१ आणि ६७ ही जोडी खानदेशातल्या वाचकाला ओळखीची वाटली तर नवल नाही. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त वर्गप्रकृतीचं उदाहरण आहे: 'का सप्तषष्टिगुणिता कृतिरेकयुक्ता का चैकषष्टिनिहता च सखे सरूपा'. कोणत्या वर्गाला ६७ नं, आणि कोणत्या वर्गाला ६१ नं गुणून १ मिळवला की पुन्हा वर्गच मिळतो? ६७ चं उत्तर लहान आहे: ५९६७ चा वर्ग गुणिले ६७ अधिक १ म्हणजे ४८८४२ चा वर्ग. ६१ मात्र हट्टी. तिथली सर्वांत लहान उत्तरं २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. चक्रवाल या फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे नेणाऱ्या पद्धतीनं ती येतात कशी? ८^२ − ६१×१^२ = ३ इथून निघायचं. एका फेरीत ३९^२ − ६१×५^२ = −४ मिळतं, आणि शेष −४ आला की ब्रह्मगुप्ताच्या 'भावना' नावाच्या रीतीनं (दोन उत्तरं गुणून तिसरं काढायचं) थेट उत्तरावर उडी मारता येते. हाच ६१ चा प्रश्न १६५७ मध्ये फर्मानं युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण असल्या योगायोगांवर लगेच मनोरे चढवले जातात. भास्कराचार्यांचा ६१ आणि मर्सेनचा ६१ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. २^प − १ हा प्रश्न त्या ग्रंथात नाही. तरीही भास्कराचार्यांचे ग्रंथ जिथे शिकवले जात त्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा खरा धागा या संख्येपर्यंत येतो, पण तो कुट्टकाच्या, म्हणजे ठरलेली बाकी देणारा गुणक शोधण्याच्या जुन्या रीतीच्या वाटेनं. त्याकडे शेवटी येतो.

आधी ही संख्या मूळ आहे हे कशावरून?

सरळ भागाकार करत गेलं तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १५२ कोटींपर्यंतचे भाजक तपासावे लागतील. त्यात मोठी सूट मिळते. २^प − १ चा कोणताही मूळ भाजक २×क×प + १ याच रूपाचा असतो, आणि त्याला ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. ६१ साठी भाजक १२२क + १ असा हवा, आणि ८ ची अट लावली की क ला ४ नं भागल्यावर बाकी ० किंवा ३ उरली पाहिजे. म्हणजे ३६७, मग ४८९ (हा १६३ गुणिले ३, सोडून द्या), ८५५ सोडा, मग ९७७, असं पुढे. दीडशे कोटींचं ओझं साधारण ६२ लाख उमेदवारांवर येतं. संगणकाला हे डोळे मिटायच्या आत होतं, १८८३ मधल्या माणसाला जन्म पुरला नसता. शेजारच्या ५९ ची गंमत अशी की २^५९ − १ ला १७९९५१ नं भाग जातो, आणि १७९९५१ म्हणजे ११८×१५२५ + १. रूप तंतोतंत तेच. ५९ आणि ६१ ही जुळी मूळ संख्यांची जोडी, पण एकीपासून बनलेली मर्सेन रूपाची संख्या संयुक्त निघाली आणि दुसरीपासूनची मूळ.

खरी परीक्षा वेगळीच आहे. ती ल्यूकानं १८७० च्या दशकात काढली आणि लेहमरनं १९३० मध्ये आजच्या सुटसुटीत रूपात सिद्ध केली. ४ पासून सुरुवात करायची. दर पायरीला वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि २^प − १ नं भागून बाकी ठेवायची. असं प − २ वेळा केल्यावर शून्य उरलं तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. लहान उदाहरण कागदावर करून पाहावं. प = ७, संख्या १२७. चार, मग १४, मग १९४, बाकी ६७, ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७, बाकी ४२, पुढे १७६२, बाकी १११, पुढे १२३१९, बाकी ०. पाच पायऱ्या, शून्य, १२७ मूळ. प = ११ घेतला तर २०४७ वर नऊ पायऱ्या होतात: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. खरोखरच २०४७ = २३×८९. ६१ साठी अशा ५९ पायऱ्या लागतात, आणि प्रत्येकीत एकोणीस अंकी संख्येचा वर्ग.

यात दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. एक म्हणजे पायऱ्यांची मोजणी. चार हा आकडा पायरी धरायचा नाही, त्याच्यानंतरच्या वर्गांपासून मोजायचं. एक पायरी जास्त झाली तर शून्याचा वर्ग वजा २ म्हणजे −२ येतं आणि चांगली मूळ संख्या संयुक्त ठरते. दुसरी घसरण परीक्षा निवडण्यातच होते. फर्माच्या कसोटीत २ चा (न − १) वा घात काढतात आणि बाकी १ आली की न मूळ असावा असं धरतात. मर्सेन संख्येवर ही कसोटी कायम होच म्हणते. २०४७ पाहा: २^११ ची बाकी १, आणि २०४६ ला ११ नं भाग जातो, मग बाकी १ येणारच. मर्सेन संख्येला २ चा आधार देऊन तपासणं म्हणजे आरोपीच्या सख्ख्या भावाची साक्ष काढणं. आधार ३ घेतला की २०४७ चं बिंग फुटतं.

ल्यूका-लेहमर चालते ती पलीकडच्या शेजाऱ्याच्या जोरावर. त्या पायऱ्यांमागे २ + √३ आणि २ − √३ यांच्या घातांची बेरीज आहे. दर वर्गाला घात दुप्पट होतो, आणि शेवटी शून्य आलं याचा अर्थ २ + √३ ला पुन्हा १ वर यायला नेमके २^प घात लागतात. २^प म्हणजेच आपली संख्या अधिक १. त्या शेजाऱ्याचे सगळे अवयव आधीच ठाऊक आहेत, म्हणून पुरावा पक्का होतो. इतर रूपांतल्या मोठ्या मूळ संख्यांसाठी शेजाऱ्याचे अवयव पाडणं हेच निम्मं काम असतं. इथे ते फुकट मिळतं.

बाकी काढणंही त्याच शेजाऱ्यामुळे सोपं. जुने गुरुजी नऊ टाकून गुणाकाराचा ताळा करायला शिकवत. १० ची बाकी १, म्हणून अंकांची बेरीज केली की नवाची बाकी मिळते. इथे १० च्या जागी २^६१ आणि नवाच्या जागी आपली संख्या. १२७ साठी तोंडी करून पाहा: ४४८७ म्हणजे १२८×३५ + ७, आणि ३५ + ७ = ४२. भागाकार केलाच नाही. संगणकात तर याहून सोपं: खालचे ६१ बिट एकीकडे, वरचे दुसरीकडे, आणि दोघांची बेरीज. एकच पथ्य. १२३१९ म्हणजे १२८×९६ + ३१, आणि ९६ + ३१ = १२७. हे १२७ म्हणजे शून्यच, कारण १२७ हेच इथलं माप, म्हणजे जिनं भागून बाकी काढतो ती संख्या. बेरजेनंतर 'उत्तर मापाएवढं किंवा जास्त असेल तर माप एकदा वजा कर' ही ओळ विसरली तर शून्य कधी दिसतच नाही आणि मूळ संख्या संयुक्त ठरते. सुटे गुणाकार तपासून ही चूक बहुधा सापडत नाही, म्हणून १२७ हेच उदाहरण चाचणीत ठेवावं.

गुणाकारात अडचण येते. दोन ६१ बिटी संख्यांचा गुणाकार १२२ बिटांचा होतो आणि ६४ च्या घरात मावत नाही. ज्या कंपायलरात १२८ बिटी प्रकार आहे तिथे प्रश्न नाही. नसेल तर प्रत्येक संख्या २^३१ पाशी तोडायची: वरचा तुकडा ३० बिटांचा, खालचा ३१ चा. वर गुणिले वर याला २^६२ लागतो, आणि २^६२ ची बाकी २, म्हणून तो गुणाकार फक्त दुप्पट करायचा. मधल्या दोन गुणाकारांची बेरीज पुन्हा ३० बिटांपाशी तोडायची; तिचा वरचा भाग तसाच घ्यायचा, खालचा ३१ घरं डावीकडे सरकवायचा. खाली गुणिले खाली जसंच्या तसं. चारही मिळवल्यावर बेरीज २^६३ च्या अगदी जवळ जाऊ शकते, पण त्याच्या किंचित खालीच राहते. चिन्ह असलेल्या पूर्णांकात बाकी काढण्याआधी तिच्यात आणखी एखादी मोठी संख्या मिळवली, तर ती कधीतरी उणे होऊन बसते, आणि ती वेळ इतकी क्वचित येते की चूक शोधताना माणूस रडकुंडीला येतो. चिन्हरहित पूर्णांकाचा आग्रह त्यासाठीच.

याच शेजाऱ्याची आणखी एक देणगी मला फार देखणी वाटते. या संख्येच्या बाक्यांच्या जगात २ चं वर्गमूळ काढायचं असेल तर काहीच काढावं लागत नाही: २^३१, म्हणजे २१४७४८३६४८. त्याचा वर्ग २^६२, बाकी २. इतर कुठल्याही संख्येचं वर्गमूळ असलंच, तर तिचा एकामागून एक ५९ वेळा वर्ग करत गेलं की ते मिळतं, कारण २^६१ चा चौथा भाग २^५९ आहे. मिळालेल्या उत्तराचा वर्ग करून मात्र पाहायचा. निम्म्या संख्यांना वर्गमूळ नसतंच, आणि तिथे ही रीत मुकाट्यानं उणे चिन्हाच्या संख्येचं मूळ हातात देते.

आता अलीकडचा शेजारी. २^६१ − २ = २ × ३^२ × ५^२ × ७ × ११ × १३ × ३१ × ४१ × ६१ × १५१ × ३३१ × १३२१. सर्वांत मोठा अवयव १३२१! ज्या गुप्तलेखनाची सुरक्षितता 'आधाराचा कितवा घात घेतला तर ही संख्या येते' या प्रश्नाच्या अवघडपणावर उभी असते, तिथे हे जीवघेणं आहे. पोलिग आणि हेलमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीनं तो प्रश्न एकेका अवयवापुरता सुटा सोडवता येतो आणि मग उत्तरं जोडता येतात. वरचे सगळे अवयव, दोनदा येणारे दोनदा धरून, मिळवले तर १९८५ होतात. तेवीस परार्धांच्या जागी दोन हजारांच्या आतल्या शक्यता. एकोणीस अंक पाहून 'केवढी मोठी, कोण फोडणार' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. गुप्तलेखनाला मूळ संख्या याहून कितीतरी मोठी लागते, आणि तिच्या अलीकडच्या शेजाऱ्यात एखादा प्रचंड मूळ अवयव असावा लागतो.

कुलपाला नाही, पण ओळखखुणेला ही संख्या उत्तम. मजकुराच्या तुकड्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळखसंख्या, काढून ते जुळवायचे असतात, तेव्हा अक्षरांना एका आधाराच्या चढत्या घातांनी गुणून बेरजेची बाकी ठेवतात. जळगाव-धुळ्याकडची अभियांत्रिकीची पोरं कोडिंग स्पर्धांमध्ये हेच करतात, आणि बऱ्याचदा १०^९ + ७ ही मूळ संख्या घेतात. लाखभर तुकडे असले तर जोड्या होतात पाचशे कोटी, आणि शंभर कोटींच्या मापात त्यातल्या काही खोट्या जुळणार हे ठरलेलंच. आपल्या मापात लाख अक्षरांच्या दोन वेगळ्या तुकड्यांचा हॅश जुळण्याची शक्यता फार तर २३ लाख कोटींत एक. पाचशे कोटी जोड्या धरल्या तरी एखादी खोटी जुळणी होण्याची शक्यता साधारण पाच हजारांत एकाहून जास्त नाही. अट एकच, आधार यादृच्छिक निवडलेला हवा.

आणि तो २५६ तर मुळीच नको. बाइट म्हणून २५६ घेण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण २५६ हा २ चाच घात, आणि इथे २ चे घात ६१ पायऱ्यांत फिरून १ वर येतात. म्हणजे पहिल्या आणि बासष्टाव्या अक्षराचं वजन एकच. ती दोन अक्षरं अदलाबदल केली तरी हॅश तोच. माप निर्दोष आहे, फक्त आधार शेजाऱ्याच्या घरातला निवडला.

उरला भागाकार. या जगात ३५ नं भागायचं म्हणजे अशी संख्या शोधायची की जिला ३५ नं गुणल्यावर बाकी १ उरेल. हाच कुट्टक. चाळीसगावपासून अठरा-एक किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगरांत पाटणादेवी आहे. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी 'सिद्धांतशिरोमणी' आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची आणि निकुंभ वंशाच्या सोइदेवानं त्याला दान दिल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांचं मूळ गाव कोणतं यावरचे वाद चालू देत. कुट्टक या डोंगरात शिकवला जावा अशी तजवीज केली होती, हे दगडावर आहे.

रीत अशी. १२७ ला ३५ नं भागा, मग भाजकाला बाकीनं, असं १ उरेपर्यंत. भागाकार येतात ३, १, १, १, २. ही वल्ली उभी मांडायची, तिच्याखाली १ आणि ०. खालून वर चढायचं: दर वेळी वल्लीतला अंक गुणिले खालची संख्या, अधिक तिच्याखालची. २, मग ३, मग ५, मग ८, मग २९. वल्लीतले अंक पाच, म्हणजे विषम, म्हणून २९ हे उत्तर १२७ मधून वजा करायचं: ९८. ताळा: ३५×९८ = ३४३० = १२७×२७ + १. सम-विषमाची ही शेवटची पायरी सुटली तर बाकी १ ऐवजी −१ येते. आज कोडमध्ये हीच चूक 'उणे उत्तर मापात मिळवायचं राहिलं' या रूपात सापडते.

पायथन ही भाषा संख्यांचे हॅश काढताना ६४ बिटी यंत्रावर नेमकं २^६१ − १ हेच माप वापरते. कारण व्यवहारी आहे: ०.५ हा दशांश आणि १/२ हा अपूर्णांक सारखे, तर त्यांचा हॅशही सारखाच यायला हवा. म्हणून अपूर्णांकाचा हॅश म्हणजे अंश गुणिले छेदाचा कुट्टकातला व्यस्त. १/२ चा हॅश २^६०, म्हणजे ११५२९२१५०४६०६८४६९७६. १/३ चा १५३७२२८६७२८०९१२९३०१. तिनानं गुणून पाहा, मापाच्या दुपटीहून एकानं जास्त भरेल. ०, माप, मापाची दुप्पट या सगळ्यांचा हॅश ०, त्यामुळे मुद्दाम टक्कर घडवणं कुणालाही सोपं; बाहेरून आलेल्या आकड्यांवर भिस्त ठेवताना हे ध्यानात असावं. ज्या अपूर्णांकाच्या छेदाला हे माप निःशेष भाग घालतं, त्याला व्यस्तच नाही. तिथे पायथन अनंताचा हॅश देतो, आणि तो कुणीतरी मिश्कीलपणे ३१४१५९ ठेवला आहे. −१ चा हॅश मात्र −२ येतो, कारण आतल्या सी कोडमध्ये −१ हा आकडा 'चूक झाली' असं कळवण्यासाठी राखून ठेवलेला आहे.